विमान जमिनीवर असताना

सोलापुरात विमानाचा विषय निघाला की गेली कित्येक वर्षे तो चिमणीवर येऊन थांबत असे. होटगी रस्त्यावरचा विमानतळ, जवळचा सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आणि कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची नव्वद मीटरच्या आसपास उंचीची ती चिमणी. ती राहावी की पाडावी यावर आंदोलने झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, चहाच्या टपरीवर जुन्या मैत्र्या तुटल्या. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली गेली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचेही. चिमणीच्या वादात कोण बरोबर होते, हा माझा आजचा विषय नाही. मला एवढेच सांगायचे आहे की त्या सगळ्या वादात आपण सारे वर पाहत होतो. आकाशातले विमान कशाला धडकेल, याची चर्चा झाली. जमिनीवर आलेले, रांगत चाललेले विमान कुणाला धडकेल, कुणाला ओढून घेईल किंवा कुणाला उडवून देईल, याची चर्चा मी तरी ऐकली नाही.

श्रोतेहो, मी मूळचा इथलाच. वडील एका गिरणीत साचेखात्यात होते. १९७१ साली मी मुंबईला गेलो आणि पुढची पस्तीस वर्षे विमानतळावर जमिनीवरच्या कामात काढली. आमच्या घरात विमानात बसलेला माणूस फार उशिरा झाला, पण विमानाखाली उभा राहिलेला माणूस आधी झाला. त्यामुळे विमानाची जी बाजू मला ठाऊक आहे ती खालची.

आधी थोडे गिरणीविषयी बोलतो, कारण त्याच्याशिवाय पुढचे नीट कळायचे नाही.

सोलापूरची पहिली गिरणी १८७० च्या दशकात सुरू झाली. वाफेच्या इंजिनावर एक लांबलचक दांडा फिरे, दांड्यावर चाके, चाकांवरून पट्टे, आणि प्रत्येक पट्टा खाली एकेक यंत्र फिरवी. आमच्या चाळीत एक जॉबर राहत असत. त्यांचा उजवा हात कोपरापासून नव्हता. धोतराचा सोगा पट्ट्यात सापडला, तो सोडवायला हात पुढे केला आणि हात गेला. अशी माणसे तेव्हा प्रत्येक पेठेत होती. त्यांना कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक असे. हिंदुस्थानात १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला, त्यात धोक्याच्या यंत्राला कुंपण घालण्याची अट आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला. त्याने फिरत्या यंत्राला कुंपण सक्तीचे केलेच, शिवाय चालू यंत्राजवळ तेल घालण्यासारखे काम करायचे तर माणूस खास शिकवलेला हवा आणि त्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेले हवेत, असेही लिहून ठेवले. कपडे मालकाने द्यायचे. माझ्या मते हा त्या कायद्यातला सर्वांत शहाणा भाग आहे. ‘कामगारांनी सावध राहावे’ असे म्हणून तो थांबला नाही. माणूस कधी तरी बेसावध होणारच, हे त्याने धरून चालले आणि म्हणून मध्ये कठडा घातला.

आता विमानाकडे या. गिरणीत यंत्र एका जागी उभे असते आणि माणूस त्याच्याभोवती फिरतो. विमानतळावर यंत्रच चालत येते. त्याच्याभोवती कठडा कसा घालणार? जिथे ते आत्ता उभे आहे तिथे दहा मिनिटांपूर्वी सामानाच्या ट्रॉल्या होत्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा असतील. विमान उभे करण्याची जी फरसबंद जागा असते, तिला अ‍ॅप्रन म्हणतात. तिथे कठड्याचे काम रंगाच्या रेघा करतात, हाताच्या खुणा करतात, आणि दोन माणसांमधले ठरलेले शब्द करतात. विमान जमिनीवर असतानाचा इतिहास म्हणजे या न दिसणाऱ्या कठड्याचा इतिहास आहे.

पहिले पर्व पंख्याचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या मैदानात उतरले, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. ते विमान होते पस मॉथ, एका इंजिनाचे. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून ते चार महिने कारभार पुण्याला हलवावा लागे. पण आपला विषय पंख्याचा. त्या काळच्या लहान विमानांचे इंजिन सुरू करायचे म्हणजे एक माणूस विमानाच्या तोंडाशी उभा राहून लाकडी पंखा हाताने फिरवी. इंजिन पेटले की ज्या हाताने पंखा ढकलला, तो हात त्याच क्षणी मागे यायला हवा. म्हणून वैमानिक आणि तो माणूस यांच्यात हाकारा ठरलेला असे. खालचा ओरडे, ‘स्विच ऑफ’. वरचा तेच शब्द परत म्हणे. मग पंखा दोन-चार वेळा हलवून इंजिनात इंधन ओढून घ्यायचे. मग खालचा म्हणे, ‘कॉन्टॅक्ट’. वरचाही म्हणे, ‘कॉन्टॅक्ट’, आणि मगच स्विच चालू करी. परत म्हणणे महत्त्वाचे होते. आपण बोललो म्हणजे समोरच्याने ऐकले असे धरायचे नाही, त्याच्या तोंडून तेच शब्द परत यायला हवेत. आजही वैमानिक आणि नियंत्रण मनोरा यांच्यातला संवाद याच रीतीने चालतो.

फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही, ही दुसरी पंचाईत. थोडीशी चकाकी दिसते, मागचे सगळे आरपार दिसते. म्हणून पंख्याच्या पात्यांची टोके पिवळी रंगवू लागले, म्हणजे फिरताना एक पिवळे कडे तरी दिसावे. साधी युक्ती, पण किती माणसे वाचली असतील!

दुसरे पर्व जेटचे. एअर इंडियाचे पहिले बोइंग ७०७ फेब्रुवारी १९६० मध्ये मुंबईला आले. १९७१ साली पहिले जंबो, म्हणजे ७४७, आले तेव्हा मी नुकताच कामाला लागलो होतो. सांताक्रूझला ते पाहायला गर्दी लोटली होती. मला आठवते ते मात्र त्याचे इंजिन. आत माणूस ताठ उभा राहील एवढे तोंड. आम्ही तोवर ज्या यंत्रांना भीत आलो होतो, ती अंगाला लागली तर कापणारी होती. हे लागण्याची वाट पाहत नाही, हे शिकायला वेळ लागला.

जेट इंजिन पुढून हवा ओढते आणि मागून फेकते. मुंबई-पुण्याच्या फेऱ्यांत दिसणाऱ्या मध्यम आकाराच्या एअरबस विमानाचे उदाहरण घेऊ. त्याच्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा व्यास सुमारे पावणेदोन मीटर. उड्डाणाच्या वेळी ते सेकंदाला साडेतीनशे किलोहून अधिक हवा गिळते. विमान उभे असताना, इंजिन अगदी मंद चालत असतानाही, तोंडापुढे तीनेक मीटरच्या आत जायचे नाही. जोर वाढवला की ती हद्द चार मीटरच्या पुढे जाते. त्यात एक फसवी गोष्ट अशी की ही ओढ फक्त समोरून नसते. इंजिनाच्या तोंडाच्या कडेला, थोडे मागच्या बाजूला उभा असलेला माणूसही तिच्या टप्प्यात येतो. आणि ती हळूहळू वाढत नाही. विहिरीच्या काठावरून वाकताना तोल जसा अचानक जातो, तसे ते असते. एक पाऊल आधी काही वाटत नाही, पुढचे पाऊल आपले राहत नाही.

मागच्या बाजूचा झोत वेगळाच. थांबलेले जड विमान हलवायचे तर चालकाला जोर थोडा वाढवावा लागतो. एकदा चाके फिरू लागली की पुन्हा कमी करता येतो. तो वाढवलेला क्षण मागच्या माणसाच्या दृष्टीने वाईट. सामानाची रिकामी ट्रॉली त्या झोताने कागदासारखी सरकत गेलेली मी पाहिली आहे. जुलै २०१७ मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर, विमानतळाच्या कुंपणाला धरून मौजेने झोत अंगावर घेणारी न्यूझीलंडची एक पर्यटक बाई अशीच उडून पडून दगावली. तिथे धोक्याच्या पाट्या लावलेल्या होत्या.

मग डोळे आणि कान काय करतात? श्रोतेहो, अ‍ॅप्रनवर कान कामाचे नसतात. बहुतेक उभ्या विमानांच्या शेपटीत एक लहान इंजिन वीज पुरवण्यासाठी गुरगुरत असते, शेजारच्या बेवर दुसरे विमान असते, आणि आपण कानांवर जाड कवच घातलेले असते, कारण न घालावे तर चाळिशीत बहिरेपण येते. नेमके कुठले इंजिन चालू आहे हे आवाजावरून ओळखणे अवघड. म्हणून जेट इंजिनाच्या नाकावर पांढरा वळसा रंगवलेला असतो. प्रवाशांना ती नक्षी वाटते. तो वळसा फिरताना दिसला की समजावे, आत जीव आहे. विमानाच्या पोटाखाली लाल दिवा उघडझाप करू लागला तर समजावे, इंजिन चालू आहे किंवा आता होणार आहे. मुंबईच्या पावसात मात्र जुलैच्या रात्री अ‍ॅप्रनवर चार बोटे पाणी साचते, खालच्या रेघा दिसेनाशा होतात आणि प्रत्येक लाल दिव्याचे पाण्यात दुसरे प्रतिबिंब पडते. कुठला दिवा आपल्या विमानाचा, हे तेव्हा पाहूनही सांगता येत नसे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. प्रवासी म्हणून आपण खिडकीत बसतो तेव्हा विमान आधी मागे सरकते. विमान स्वतःहून मागे जात नाही. त्याच्या नाकाखालच्या चाकाला लोखंडी दांडा जोडून एक ट्रॅक्टर त्याला ढकलतो. त्या वेळी एक तंत्रज्ञ विमानाबरोबर चालत असतो. त्याच्या कानाला हेडसेट, हेडसेटची वायर विमानाच्या नाकाजवळ खोचलेली. वैमानिक त्याच्याशी बोलतो. ढकलणे संपले की दांडा सुटतो, ट्रॅक्टर निघतो. पुढच्या चाकाचे वळणे वैमानिकाच्या हाती परत देण्यासाठी एक खीळ काढायची असते, तिला लाल फीत असते. तंत्रज्ञ वायर काढतो, ती लाल फीत हात उंच करून वैमानिकाला दाखवतो, अंगठा वर करतो, वैमानिक परत खूण करतो. त्यानंतर विमान हलायचे.

या क्रमात एक फट आहे. वायर काढली की शब्द संपले. ‘कॉन्टॅक्ट’ ऐकून ‘कॉन्टॅक्ट’ म्हणणारा आता कुणी नाही. उरतो तो फक्त एक हात, आणि तो पाहणारे वरचे डोळे. वैमानिकाला आपल्या विमानाच्या नाकाखालची जमीन दिसत नाही, हेही लक्षात घ्या. तिथे उभा असलेला माणूस त्याच्यासाठी तेव्हाच असतो, जेव्हा तो चालत दूर जाऊन दिसू लागतो.

१६ डिसेंबर २०१५, बुधवार. मुंबईचा छत्रपती शिवाजी विमानतळ, देशांतर्गत बाजू. रात्री साडेआठ-पावणेनऊचा सुमार. एअर इंडियाचे ६१९ क्रमांकाचे उड्डाण हैदराबादला निघाले होते. विमान एअरबस ३१९. ते ढकलून झाले होते. तंत्रज्ञ अजून विमानाजवळच होता. विमान हलले, आणि तो इंजिनात ओढला गेला. जागीच मृत्यू. पहिल्या बातम्यांत असे आले की सहवैमानिकाचा खुणेबाबत गैरसमज झाला. दोन्ही वैमानिकांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवले गेले. जवळची माणसे पूर्णपणे दूर गेली आहेत, याची ठरलेल्या रीतीने खात्री होण्याआधी विमान हलले, हे या घटनेचे सार.

मी तेव्हा निवृत्त होऊन सोलापूरला परत आलो होतो. पेपरात बातमी वाचली. ओळखीच्या ज्यांनी ज्यांनी फोन केला, त्यांचा प्रश्न एकच, ‘असे होऊ तरी कसे शकते?’ सगळ्यांना ते अघटित वाटत होते. ज्याने ते काम केले आहे त्याला तसे वाटत नाही. दिवसातून दहा-बारा विमाने बाहेर काढणारा माणूस ती लाल फीत वर्षाला हजारो वेळा दाखवतो. वरचा वैमानिकही ती हजारो वेळा पाहतो. हजार वेळा एखादी गोष्ट बरोबर झाली की हजार एकाव्या वेळी डोळा ती न पाहताच ‘पाहिली’ म्हणतो. यात कुणाला पाठीशी घालण्याचा हेतू नाही. पण दोन वैमानिकांवर बोट ठेवून आपण घरी गेलो, तर पट्ट्यात हात गेलेल्या जॉबरला ‘धोतर आवरून धरायला हवे होते’ असे सांगितल्यासारखे होईल. १९४८ चा कायदा त्याच्या पुढे गेला होता.

आणि घाई होती, ती एकट्या त्या रात्रीची नव्हे. २००३ नंतर देशात स्वस्त विमानसेवा आल्या. विमान उतरल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत पूर्वी तास-सव्वातास मिळे, तो पंचवीस-तीस मिनिटांवर आला. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते, आणि तिच्यावरून गर्दीच्या दिवशी नऊशेहून अधिक विमाने ये-जा करतात. एक विमान बेवरून पाच मिनिटे उशिरा हलले तर मागे रांग लागते. त्याच काळात जमिनीवरची कामे वेगवेगळ्या कंपन्यांकडे वाटली गेली. एका विमानाभोवती इंधनवाला एकाचा, सामानवाला दुसऱ्याचा, जेवण चढवणारा तिसऱ्याचा, साफसफाईवाला चौथ्याचा. आमच्या वेळी ‘ए, मागे हो’ म्हणून ओरडता येत असे, कारण समोरचा ओळखीचा असे. अनोळखी माणसाला ओरडताना जीभ अडखळते, आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.

मुंबईच्या घटनेला सहा दिवस झाले नसतील तोच, २२ डिसेंबर २०१५ ला कोलकात्याला एक प्रवासी बस उभ्या एटीआर विमानाखाली घुसली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. १० जुलै २०१९ ला त्याच विमानतळावर रात्रीच्या दुरुस्तीच्या वेळी चाकांच्या कप्प्याचे दार अचानक मिटले आणि आत काम करणारा तंत्रज्ञ मारला गेला. ते विमान तर चालतही नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातच पाहा. ९ फेब्रुवारी २००९ रोजी मुंबईत दिल्लीला निघालेले विमान धावपट्टीवर वेग घेत असताना राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या ताफ्यातले हवाई दलाचे एक हेलिकॉप्टर त्याच पट्टीवर उतरले. वैमानिकाने उड्डाण सोडून ब्रेक मारले म्हणून शंभरावर माणसे वाचली. १५ फेब्रुवारी २०२० ला पुण्यात, लोहगावला, उड्डाणासाठी धावणाऱ्या एअर इंडियाच्या वैमानिकाला समोर पट्टीवर एक जीप आणि एक माणूस दिसला. थांबायला जागा नव्हती. त्याने विमान वेळेआधी उचलले. शेपटीकडचा भाग जमिनीला घासला, पण विमान जीपवरून गेले आणि दिल्लीला सुखरूप उतरले. १६ मे २०२४ ला पुन्हा पुण्यातच, सुटण्याच्या तयारीत असलेले विमान आणि सामान ओढणारा ट्रॅक्टर यांची टक्कर झाली. आत सुमारे १८० प्रवासी होते. सगळे खाली उतरले, एवढेच नशीब.

जगातला सर्वांत मोठा विमान अपघातही आकाशात झालेला नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरीफ बेटावर, धुक्यात, दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. एक उड्डाणासाठी धावत होते, दुसरे रांगत होते. ५८३ माणसे गेली. तिथेही मुळाशी शब्दच होते. परवानगीचा एक संवाद दोघांनी दोन अर्थांनी घेतला. त्यानंतर जगभर नियम झाला की ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी नाही. एक शब्द बाजूला काढून ठेवणे हाही कठडाच की!

पण सगळे नियम पाळायचे ठरवूनही काय होऊ शकते, याचे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. ३१ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी या मध्यम शहरात, एम्ब्रेअर १७५ जातीचे विमान येऊन उभे राहिले. त्याचे शेपटीतले लहान इंजिन नादुरुस्त होते. म्हणून बाहेरची वीज जोडेपर्यंत आणि गरम इंजिन थंड होण्यासाठी मुख्य इंजिने दोन मिनिटे चालू ठेवायची होती. जमिनीवरच्या लोकांना एकदा नव्हे, दोनदा एकत्र करून ते सांगितले गेले होते. लाल दिवा चालू होता. एक सहकारी ओरडून मागे हो म्हणत होता. तरी एक कामगार महिला हातात नारिंगी शंकू घेऊन, रोजच्यासारखी, तो शेपटीजवळ ठेवायला गेली. तो शंकू कशासाठी असतो? विमानाजवळ कुणी गाडी आणू नये म्हणून. सुरक्षेचे काम करतानाच ती इंजिनात ओढली गेली. तिला सांगितलेले तिने ऐकले नव्हते असे नाही. पायांना रोजची वाट ठाऊक होती आणि ते निघाले.

हे उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण मुंबई-सोलापूर मार्गावर येणारी स्टार एअर ही कंपनी एम्ब्रेअरचीच जेट विमाने वापरते, आणि आपले शहर मुंबईसारखे नाही, माँटगोमेरीसारखे आहे. मोठ्या विमानतळाची भीती घाई. लहान विमानतळाची भीती वेगळी, तिथे सैलपणा असतो. दिवसाला दोन-चार विमाने, मधले तास रिकामे, सगळे एकमेकांना ओळखणारे. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस किंगफिशरची विमाने इथे थोडा काळ आली आणि सेवा बंद पडली. त्यामुळे इथल्या पिढीला या कामाची सवय लागायला वेळच मिळाला नाही. शिवाय आपली सोलापुरी माया. ‘आपलाच माणूस आहे, पाहुण्यांना सोडायला आलाय, एक फोटो काढू दे’ असे म्हणून आपण कुठेही वाट देतो. लग्नघरात ही माया शोभते. अ‍ॅप्रनवर तिला जागा नाही, आणि तिथे ‘नाही’ म्हणणाऱ्या पोराला कुणी उद्धट म्हणू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

गोव्याचे विमान एटीआर ७२. ते जेट नव्हे, पंख्याचे. म्हणजे जुहूचे पहिले पर्व आपल्या दारात पुन्हा आले आहे, मात्र सहा पात्यांचा आणि जवळजवळ चार मीटर व्यासाचा पंखा घेऊन. एटीआरला शेपटीत वीज देणारे लहान इंजिन नसते. त्याऐवजी त्याच्या उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक आहे. पंखा जागच्या जागी धरून ठेवायचा आणि इंजिन मात्र चालू ठेवून त्यातून वीज आणि थंड हवा घ्यायची, अशी ती सोय. म्हणून प्रवासी चढत-उतरत असताना उजवीकडून घरघर ऐकू येते, पण पंखा फिरत नसतो. हे पाहून कुणी असा नियम मनाशी बांधला की आवाज असला तरी पंखा थांबलेलाच असतो, तर तो नियम मारक ठरेल. ब्रेक सोडला की तोच पंखा फिरू लागतो आणि दिसेनासा होतो.

सोलापूरला विमानापर्यंत पुलासारखी बंदिस्त वाट नाही. आपण उन्हातून पायी जातो. त्या चालण्यात करायचे फार नाही. आखून दिलेल्या वाटेवरून जायचे, पोराचे बोट सोडायचे नाही, पदर-ओढणी आवरून धरायची. टोपी उडाली तर तिला जाऊ द्यायचे. ती आणायला धावू नये, कारण वाऱ्याने उडालेली टोपी बहुधा नको तिकडेच जाते. हातातली पाण्याची बाटली, खाऊचा कागद, सुटा नट, काहीही तिथे टाकायचे नाही. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान कोसळून ११३ माणसे मेली, ती दुसऱ्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या हातभर लांबीच्या धातूच्या पट्टीने टायर फुटल्यामुळे.

परवा शेजारच्या आजी गोव्याला जाऊन आल्या. त्यांनी मला विचारले, ‘का हो भाऊ, बसला पुढून चढतात, विमानाला मागून का चढवलं? आम्ही काय सामान आहोत?’ मी त्यांना सांगितले, सामान पुढून चढते. एटीआरचा माल ठेवायचा कप्पा पुढे, वैमानिकांच्या पाठीशी असतो. माणसांचे दार शेपटीकडे ठेवले आहे, आणि ते पंख्यापासून लांब आहे.